हात दुसऱ्याचे, मान फ्युनरल होमची

अमेरिकेत फ्युनरल होमवर, म्हणजे अंत्यविधीचं काम करणाऱ्या संस्थेवर, होणाऱ्या कारवाईच्या आदेशांत एक आरोप वरचेवर दिसतो: या संस्थेने परवाना नसलेल्या माणसाला परवान्याचं काम करू दिलं. पहिल्यांदा वाचताना हे जरा उलटं वाटतं. काम केलं एकाने, परवाना त्याच्याकडे नव्हता, मग धरायचं त्याला. संस्थेचा परवाना तर भिंतीवर फ्रेम करून लावलेला आहे. तरी नोटीस संस्थेला येते, दंड संस्था भरते आणि प्रकरण चिघळलं तर भिंतीवरची ती फ्रेमही उतरवावी लागते.

यामागचा हिशेब समजून घ्यायचा तर आधी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. आपल्याकडे माणूस गेला की धावपळ भावकी करते, शेजारी करतात, मंडळाची पोरं करतात. तिरडी कशी बांधायची हे आळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला ठाऊक असतं, साहित्य स्मशानाजवळच्या दुकानात मिळतं, दहनाची जागा महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची असते. डॉक्टरांचा दाखला आणि स्मशानातली नोंद एवढीच सरकारी बाजू. तिरडी बांधणाऱ्याला परवाना विचारायची वेळ कुणावर येत नाही. अमेरिकेत मात्र मृतदेह रुग्णालयातून उचलण्यापासून राख हाती देण्यापर्यंतचं सगळं काम बहुतेक वेळा एका खाजगी संस्थेकडे सोपवलं जातं. ती संस्था म्हणजे फ्युनरल होम. ते काम धंदा आहे, त्यात पैसा आहे, आणि म्हणून त्यावर परवान्याचं राज्य आहे. राज्य हा शब्द इथे शब्दशः घ्या, कारण हे कायदे केंद्राचे नाहीत, प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. वॉशिंग्टनमधल्या फेडरल ट्रेड कमिशनचा 1984 पासून लागू असलेला ‘फ्युनरल रूल’ मुख्यतः ग्राहकाला दर सांगण्याबद्दल आहे. दरपत्रक हातात द्या, फोनवर विचारलं तर दर सांगा, कायद्याने गरज नसताना ‘एम्बामिंग करावंच लागतं’ असं खोटं सांगू नका, असा त्याचा रोख. परवाना कुणाला द्यायचा आणि कुणाचा काढून घ्यायचा हे राज्याचं परवाना मंडळ ठरवतं.

परवान्याची सुरुवात एम्बामिंगपासून झाली. मृतदेह टिकावा म्हणून त्याच्या रक्तवाहिन्यांत रसायन भरायचं हे काम. अमेरिकन यादवी युद्धात मेलेले सैनिक दूरच्या गावी पाठवायचे होते, रेल्वेने दिवसच्या दिवस लागत, म्हणून रणांगणाच्या आसपास एम्बामिंग करणाऱ्यांचे तंबू पडले. त्यात खरे जाणकार होते तसे लुबाडणारेही होते. अखेर मार्च 1865 मध्ये लष्कराने हुकूम काढला की परवानगीशिवाय हे काम कुणी करायचं नाही. पुढे 1894 मध्ये व्हर्जिनियाने राज्य पातळीवरचं पहिलं मंडळ स्थापन केलं आणि एकेक करत बाकीची राज्यं त्याच वाटेने गेली. थोडक्यात, दुःखात असलेल्या माणसाला भाव करता येत नाही आणि बंद दाराआड काय चाललंय ते बघता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आधीच कुणीतरी पारख करून ठेवावी, ही परवान्यामागची मूळ कल्पना. मला ती पटते. तिचा गैरवापरही होतो, त्याबद्दल पुढे.

परवाना एक नाही, तीन

सगळा गोंधळ इथेच होतो. फ्युनरल होमच्या एका दारामागे साधारण तीन प्रकारची जबाबदारी असते.

पहिली व्यक्तीची. फ्युनरल डायरेक्टर आणि एम्बामर हे बऱ्याच राज्यांत दोन वेगळे परवाने आहेत. डायरेक्टर कुटुंबाशी बोलतो, विधी ठरवतो, कागदपत्रं करतो, करारावर सही घेतो. एम्बामर देहावर काम करतो. काही राज्यांत दोन्ही मिळून एकच परवाना मिळतो. न्यू जर्सी त्यातलंच एक. त्यासाठी शिक्षण लागतं (बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा मॉर्च्युरी सायन्सचा अभ्यासक्रम, मिनेसोटा आणि ओहायोत पदवी), परीक्षा लागते आणि कुणा परवानाधारकाच्या हाताखाली काही काळ उमेदवारी करावी लागते.

दुसरी जबाबदारी जागेची, म्हणजे संस्थेची. इमारत, तयारीची खोली, शीतगृह, नोंदवह्या, सगळं तपासून संस्थेला स्वतंत्र परवाना मिळतो.

तिसरी जबाबदारी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित: प्रभारी. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये त्याला ‘फ्युनरल डायरेक्टर इन चार्ज’ म्हणतात, कॅलिफोर्नियात ‘मॅनेजिंग फ्युनरल डायरेक्टर’, न्यू जर्सीत सरळ ‘मॅनेजर’. नाव काहीही असो, अर्थ एकच. या दारामागे कायद्याचं पालन होतंय की नाही याचा जाब मंडळ ज्याला विचारणार, तो माणूस. संस्थेचा मालक परवानाधारक नसला तरी अनेक राज्यांत चालतं. एखादी कंपनी शेकडो फ्युनरल होम विकत घेऊ शकते. पण प्रत्येक दारामागे एक परवानाधारक प्रभारी लागतो.

आता विनापरवाना कामाचा आरोप येतो तेव्हा या तिघांपैकी कुणाकुणावर तो पडतो ते बघा. ज्याने काम केलं त्याच्यावर, ज्याने करू दिलं त्या प्रभारीवर, आणि ज्या जागेत ते झालं त्या संस्थेवर. एकाच घटनेतून तीन वेगळ्या फायली उघडू शकतात.

विनापरवाना म्हणजे नेमका कोण?

‘विनापरवाना’ म्हटलं की कुणीतरी भामटा डोळ्यांपुढे येतो. असे भामटे असतातही. पण मंडळापुढे येणारी माणसं बरीच साधी असतात. परवान्याचं नूतनीकरण करायला विसरलेला, वीस वर्षांचा अनुभव असलेला डायरेक्टर. सक्तीच्या प्रशिक्षणाचे तास पूर्ण न केल्यामुळे ज्याचा परवाना आपोआप निष्क्रिय झाला तो. शेजारच्या राज्यात परवाना असलेला, पण या राज्यात अर्ज मंजूर व्हायच्या आधीच कामाला लागलेला. उमेदवारी करणारा मुलगा, ज्याच्या शेजारी वरिष्ठाने उभं राहायचं होतं पण वरिष्ठ जेवायला गेला. ऑफिसात फोन घेणारी बाई, जिने हळूहळू कुटुंबांशी दर आणि कार्यक्रम ठरवायला सुरुवात केली, कारण तिला ते उत्तम जमत होतं. आणि मालकाचा नातेवाईक, जो ‘घरचाच’ म्हणून सगळीकडे हात घालतो. हा शेवटचा प्रकार मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

शिवाय फ्युनरल होममधलं प्रत्येक काम परवान्याचं नसतं. गाडी चालवणं, फुलं मांडणं, पार्किंगला उभं राहणं, खुर्च्या लावणं, केस विंचरणं, हिशेब लिहिणं, यातलं बरंच काही कुणीही करू शकतं. दुसऱ्या टोकाला एम्बामिंग आहे आणि त्याबद्दल कुठेच शंका नाही. खरी भांडणं मधल्या पट्ट्यात होतात. कुटुंबाला समोर बसवून ‘काय काय करायचं’ हे ठरवणारी बैठक घेणं हे डायरेक्टरचंच काम, असं बहुतेक राज्यं मानतात. पण फोनवर फक्त दर सांगणं? दरपत्रक हातात देणं? सही केलेला करार नुसता घेऊन येणं? रुग्णालयातून देह उचलणं? यांची उत्तरं राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्क त्यातलं कडक राज्य. तिथे दफन किंवा दहनाच्या वेळी परवानाधारक डायरेक्टरने जातीने हजर राहायला लागतं. पलीकडच्या दुसऱ्या एखाद्या राज्यात तेवढं बंधन नसतं. त्यामुळे एका राज्यातली बिनघोर पद्धत सीमा ओलांडली की गुन्हा ठरू शकते. अनेक राज्यांत शाखा चालवणाऱ्या कंपन्यांची डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

मंडळाकडे तक्रार आली की तपासनीस सहसा मोठे प्रश्न विचारत नाही. तो कागद मागतो. करारावर सही कुणाची? एम्बामिंगच्या नोंदीवर नाव कुणाचं? त्या दिवशी ड्यूटीवर परवानाधारक कोण होता? सही एकाची, हस्ताक्षर दुसऱ्याचं आणि प्रभारी त्या दिवशी दुसऱ्या गावी, असं निघालं की प्रकरण बरंचसं तिथेच उभं राहतं.

मग संस्थेलाच का धरायचं?

कारण मंडळाच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे परवाना काढून घेणं. ज्याच्याकडे परवानाच नाही, त्याचं काय काढून घेणार? त्याला ‘काम थांबव’ असा आदेश देता येतो, काही राज्यांत दंड करता येतो, सरकारी वकिलाकडे फौजदारीसाठी प्रकरण पाठवता येतं. पण फौजदारी खटला लांबतो, आणि सरकारी वकिलाच्या टेबलावर त्याहून तातडीची प्रकरणं असतात. परवानाधारक संस्थेचं तसं नाही. तिला त्याच जागी उद्याही धंदा करायचा आहे. म्हणून कायदा दाराच्या मालकाला सांगतो: आत कोण काय करतंय हे बघणं तुझं काम.

राज्यांचे कायदे हे वेगवेगळ्या शब्दांत म्हणतात. कुठे ‘साहाय्य करणं, चिथावणं’ असा फौजदारी वळणाचा शब्दप्रयोग असतो, कुठे ‘कामावर ठेवणं’, कुठे नुसतं ‘करू देणं’. फ्लोरिडाच्या कायद्यात, म्हणजे राज्य अधिनियमांच्या 497व्या प्रकरणात, परवाना नसलेल्याला नियंत्रित काम करायला मदत करणं, कामावर ठेवणं किंवा तसा सल्ला देणं हे शिस्तभंगाच्या कारणांत मोडतं. या शब्दांमधला फरक बारीक दिसला तरी वकिलाच्या दृष्टीने सगळं त्यावरच असतं. ‘जाणूनबुजून’ हा शब्द कायद्यात असेल तर मंडळाला हे दाखवावं लागतं की संस्थेला ठाऊक होतं. तो शब्द नसेल तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ या बचावाला फारसा अर्थ उरत नाही. आणि शब्द असला तरी आता तो बचाव कमकुवत झाला आहे, कारण कुणाचा परवाना चालू आहे हे राज्याच्या संकेतस्थळावर मिनिटाभरात कळतं. जे मिनिटाभरात कळलं असतं ते तुम्ही वर्षभर पाहिलंच नाही, हे सांगून सहानुभूती मिळत नाही.

कारवाई कशी चालते ते फ्लोरिडाचं उदाहरण घेऊन बघू, कारण तिथली पद्धत बरीच नेटकी आहे. मंडळ राज्याच्या वित्त सेवा विभागाखाली येतं. तक्रार आली किंवा तपासणीत काही सापडलं की विभाग चौकशी करतो. चौकशीचा अहवाल मंडळाच्या एका छोट्या समितीपुढे जातो. आरोप ठेवण्याइतपत दम आहे का, एवढंच ती पाहते. दम असेल तर प्रशासकीय आरोपपत्र निघतं आणि संस्थेला उत्तराला 21 दिवस मिळतात. आता संस्थेपुढे वाटा असतात. आरोपातल्या घटनाच मान्य नसतील तर मंडळाबाहेरच्या प्रशासकीय न्यायाधीशापुढे साक्षीपुराव्यासह पूर्ण सुनावणी. घटना मान्य असून फक्त शिक्षेबद्दल बोलायचं असेल तर मंडळापुढे छोटी सुनावणी. किंवा तडजोड: अमुक दंड, तमुक काळ देखरेख, प्रकरण मिटलं. सराईत वकील तिसरी वाट सुचवतात, कारण सुनावणीचा खर्च दंडापेक्षा जास्त होऊ शकतो.

पूर्ण सुनावणीत पुराव्याची पातळी साध्या दिवाणी दाव्यापेक्षा वरची आणि फौजदारीपेक्षा खालची असते. आरोप ‘स्पष्ट आणि खात्रीलायक’ पुराव्याने सिद्ध व्हावा लागतो, कारण प्रश्न माणसाच्या पोटापाण्याचा असतो. शिक्षेत ताकीद आहे, दंड आहे (फ्लोरिडात एका आरोपाला कमाल 5,000 डॉलर), देखरेखीखाली काम आहे, निलंबन आहे आणि शेवटी परवाना रद्द. कुठल्या चुकीला साधारण किती, याचा तक्ता नियमांत दिलेला असतो. कुटुंबाचं नुकसान झालं का, आधी असं घडलंय का, चूक आपणहून कळवली का, यावर शिक्षा वरखाली होते. नूतनीकरण विसरलेल्या डायरेक्टरने चार करार केले, कुणाचं काही बिघडलं नाही, लक्षात येताच त्याने परवाना चालू करून घेतला, असं प्रकरण बहुधा दंडावर मिटेल. परवाना नसलेल्याकडून महिनोन्‌महिने एम्बामिंग करून घेऊन नोंदवहीत दुसऱ्याचं नाव घातलं, तर तिथे अज्ञान उरत नाही, लबाडी सुरू होते. मग प्रभारीचा स्वतःचा परवानाही धोक्यात येतो.

आणखी एक. हे आदेश सार्वजनिक असतात. गावातल्या संस्थेला 2,000 डॉलरच्या दंडापेक्षा त्या आदेशाची जास्त धास्ती असते.

टेक्सास, 1998

कागदावर ही व्यवस्था चोख दिसते. समोरची संस्था मोठी असली की काय होतं, ते टेक्सासमध्ये दिसलं. 1998 मध्ये तिथल्या फ्युनरल सर्व्हिस कमिशनने, म्हणजे तिथल्या परवाना मंडळाने, सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल, म्हणजे ह्यूस्टनमधली, जगातली या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी, हिची चौकशी सुरू केली. आरोप होता की डॅलस आणि फोर्ट वर्थ भागातलं एम्बामिंग परवाना नसलेल्या हातांनी होत होतं. कमिशनच्या समितीने सुमारे साडेचार लाख डॉलर दंडाची शिफारस केली. कंपनीने आरोप फेटाळले. तिचे प्रमुख रॉबर्ट वॉलट्रिप हे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कुटुंबाचे जुने स्नेही आणि राजकीय देणगीदार होते, त्यामुळे प्रकरणाला भलतंच वळण लागलं. कमिशनच्या संचालक एलायझा मे यांना फेब्रुवारी 1999 मध्ये पदावरून काढण्यात आलं. चौकशी केल्याची ही शिक्षा आहे, असं म्हणत त्यांनी दावा लावला. या प्रकरणात आपण काही हस्तक्षेप केला नसल्याचं बुश यांनी सांगितलं. नोव्हेंबर 2001 मध्ये दावा 2,10,000 डॉलरवर मिटला. काही वाटा राज्याने उचलला, काही कंपनीने.

कोण खरं, कोण खोटं याचा न्यायालयीन निवाडा त्यात झालाच नाही, आणि तो आपणही करू नये. पण एक गोष्ट तरी दिसते. मूळ प्रश्न होता ‘त्या खोलीत एम्बामिंग कोण करत होतं?’ तो तीन वर्षांत मागे पडला आणि चर्चा उरली कुणी कुणाला फोन केला याची.

परवाना मागितलाच नाही तर

जॉर्जिया राज्याच्या उत्तरेला नोबल नावाचं छोटं गाव आहे. तिथे ट्राय-स्टेट नावाचं दहनगृह होतं. आसपासच्या तीन राज्यांतली फ्युनरल होम मृतदेह तिथे पाठवत. फेब्रुवारी 2002 मध्ये अधिकाऱ्यांनी त्या आवाराची झडती घेतली आणि 334 देह सापडले. दहन झालंच नव्हतं. देह झाडीत, शेडमध्ये, जमिनीखाली पडले होते, आणि काही कुटुंबांच्या हाती राख म्हणून सिमेंटची भुकटी दिली गेली होती.

या दहनगृहाकडे परवाना नव्हता. तो का नव्हता हे ऐकण्यासारखं आहे. जॉर्जियाचा तेव्हाचा कायदा थेट लोकांशी व्यवहार करणाऱ्या दहनगृहांना लागू होतो, असा अर्थ लावला गेला. ट्राय-स्टेट लोकांशी व्यवहार करत नव्हतं, फक्त फ्युनरल होमशी करत होतं, म्हणून आपल्याला परवाना लागत नाही आणि तपासणीही नको, अशी त्याची भूमिका. म्हणजे प्रत्येक कुटुंबाने परवानाधारक संस्थेशी व्यवहार केला, आणि त्या संस्थेने देह अशा जागी पाठवला जिथे कुणी डोकावून पाहत नव्हतं. चालक ब्रेंट मार्श याला 2005 मध्ये 12 वर्षांची कैद झाली. पण त्याआधी, 2004 मध्ये, देह पाठवणाऱ्या फ्युनरल होमनी नातेवाइकांच्या सामूहिक दाव्यात 3 कोटी 60 लाख डॉलरची तडजोड केली होती. परवाना मंडळाची शिस्त तिथे पोचली नाही, पण भरपाईच्या दाव्याने तेच सांगितलं: देह तुमच्या ताब्यात दिला होता, पुढे तो कुणाकडे सोपवता हे बघणं तुमचं काम होतं.

कोलोराडोची गोष्ट याहून पुढची. या राज्याने 1983 मध्ये फ्युनरल धंद्यातले व्यक्तिगत परवाने चक्क रद्द केले. परवान्याने ग्राहकाचं विशेष भलं होत नाही, उलट धंद्यात नवीन माणूस यायला अडथळा होतो, असा त्या काळाचा विचार. पुढची चाळीस वर्षं तिथे फ्युनरल डायरेक्टर व्हायला ना शिक्षण लागत होतं, ना परीक्षा. आणि तिथे ‘विनापरवाना काम करू दिलं’ हा आरोपच करता येत नव्हता, कारण परवानाच नव्हता! 2018 मध्ये मॉन्ट्रोज गावातल्या सनसेट मेसा या फ्युनरल होमवर एफबीआयने छापा घातला. तिथून कुटुंबांच्या संमतीविना देह आणि देहाचे भाग विकले जात होते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पेनरोज इथल्या एका इमारतीत सडलेले जवळजवळ 190 देह सापडले. ती इमारत ‘रिटर्न टू नेचर’ नावाच्या फ्युनरल होमची होती, आणि शेजाऱ्यांच्या दुर्गंधीच्या तक्रारीवरून हे उघडकीला आलं. 2024 मध्ये विधिमंडळाने नियमित तपासणीचा कायदा केला आणि परवाने परत आणले. 2027 च्या सुरुवातीपासून तिथे हे काम करायला परवाना लागणार आहे.

परवाना असता तर हे टळलं असतं का? सरळ ‘हो’ म्हणायला मी तयार नाही. परवानाधारकांनीही इतर राज्यांत भयंकर गोष्टी केल्या आहेत. पण परवाना असलेल्या ठिकाणी तपासनीस आत शिरू शकतो, एक प्रभारी असतो, एक नोंदवही असते. म्हणजे दुर्गंधी रस्त्यावर येण्याच्या आधी कुणीतरी दार ठोठावण्याची शक्यता तरी असते.

आणि मंडळाचाच अतिरेक

आता दुसरी बाजू. लुईझियानात कव्हिंग्टनजवळ सेंट जोसेफ ॲबी नावाचा, बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचा मठ आहे. मठवासी आपल्या सहकाऱ्यांसाठी साध्या लाकडाच्या शवपेट्या पूर्वापार बनवत. 2005 च्या कट्रिना वादळात मठाच्या उत्पन्नाचं साधन असलेलं जंगल उद्ध्वस्त झालं, तेव्हा त्यांनी या पेट्या बाहेरच्यांना विकायला काढल्या. किंमत 1,500 आणि 2,000 डॉलर. राज्याच्या मंडळाने त्यांना थांबायचा आदेश दिला. कारण? राज्यात शवपेटी विकणं हे फ्युनरल डायरेक्टरचं काम, ते परवानाधारक संस्थेतूनच व्हावं. म्हणजे लाकडी पेटी विकायला मठाने एम्बामिंगची खोली बांधायची आणि परवानाधारक डायरेक्टर नेमायचा. त्या मंडळात तेव्हा नऊ सदस्य होते. चार फ्युनरल डायरेक्टर, चार एम्बामर आणि धंद्याबाहेरचा एक.

मठ न्यायालयात गेला आणि जिंकला. 2013 मध्ये पाचव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून केलेला विभाग) केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की धंद्यातल्या लोकांचा नफा राखणं हे एवढ्या बंधनाचं पुरेसं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचं अपील ऐकायला नकार दिला. सहाव्या सर्किटने टेनेसीच्या अशाच नियमाबद्दल 2002 मध्ये हेच म्हटलं होतं. गंमत म्हणजे 2004 मध्ये दहाव्या सर्किटने ओक्लाहोमाचा तसाच नियम ग्राह्य धरला. देश एक, राज्यघटना एक, पेटी तीच.

पेनसिल्वेनियात वाद बोलण्यावर होता. हयातीतच आपल्या अंत्यविधीचे पैसे भरून ठेवायची पद्धत तिकडे रूढ आहे, आणि त्या योजना घरोघर जाऊन समजावणारे अनेकदा विमा एजंट असतात. परवानाधारक डायरेक्टरसाठी काम करणाऱ्या अशा एजंटांनी ग्राहकाला दर आणि सेवा समजावणं म्हणजे विनापरवाना धंदा, असं मंडळ म्हणत होतं. 2005 मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने मंडळाला रोखलं: खरी माहिती सांगण्यावर अशी सरसकट बंदी घालता येणार नाही, ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं.

मला वाटतं, ‘विनापरवाना काम’ हा आरोप योग्य की अतिरेकी हे ओळखायची एक कसोटी या निकालांतून हाती लागते. ते काम नीट झालं नाही तर देहाचं, आरोग्याचं किंवा कुटुंबाच्या पैशाचं काही बिघडतं का? एम्बामिंगच्या बाबतीत बिघडतं. करार कोण करतंय यावर बिघडू शकतं. देह कुणाकडे सोपवला यावर तर नक्कीच. लाकडी पेटी कुणी विकली यावर काहीच बिघडत नाही. मंडळ पेटीच्या मागे लागलं आणि खोलीत कोण काम करतंय ते बघायचं राहून गेलं, तर तो परवाना धंद्याचं कुंपण होतो.

न्यू जर्सीतल्या जोशी-पाटलांना याचं काय?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांवर हा प्रसंग येतो तेव्हा हाताशी वेळ कमी असतो, आणि ओळखीतलं कुणीतरी म्हणतं, ‘आमच्या वेळी त्या अमक्याने सगळं केलं, त्यालाच फोन करा.’ हा अमका फ्युनरल होमचा डायरेक्टर असेल, नाहीतर फ्युनरल होमला गिऱ्हाईक आणून देणारा मध्यस्थ असेल. दोन्हींत फरक आहे. दर ठरवताना आणि करारावर सही करताना समोर परवानाधारक आहे ना, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. नाव विचारा, राज्याच्या मंडळाच्या संकेतस्थळावर ते टाका. न्यू जर्सीत ते ‘स्टेट बोर्ड ऑफ मॉर्च्युरी सायन्स’. परवाना चालू आहे की नाही ते तिथे कळतं.

गुरुजींचं काय, असा प्रश्न हमखास येतो. मंत्र म्हणणं, पिंड, तुळस-गंगाजल, प्रदक्षिणा हे धार्मिक विधी आहेत. त्याला फ्युनरल डायरेक्टरचा परवाना लागत नाही. मुलाने दहनयंत्राचं बटण दाबायचं असेल तर ते त्या दहनगृहाच्या नियमावर असतं. आधी विचारून ठेवलेलं बरं. देहाला अंघोळ घालणं, वस्त्र नेसवणं हे घरच्यांनी केलं तर तेही विनापरवाना धंदा होत नाही, कारण घरचे धंदा करत नाहीत. बहुतेक राज्यांत तर कुटुंबाने संस्थेशिवाय सगळं स्वतः केलं तरी कायद्याची हरकत नसते. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मिशिगन, लुईझियाना अशा काही राज्यांत मात्र कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर फ्युनरल डायरेक्टर लागतोच.

देह भारतात न्यायचा असेल तर एम्बामिंग टळत नाही. भारतीय वाणिज्य दूतावासाच्या ना-हरकत पत्रासाठी मृत्यूचा दाखला, पासपोर्ट यांच्याबरोबर एम्बामिंगचं प्रमाणपत्र लागतं. त्या प्रमाणपत्रावर सही असते ती परवानाधारकाची, आणि मंडळाच्या तपासनीसाचा पहिला प्रश्नही हाच असतो की सही करणाऱ्यानेच काम केलं का. कुटुंबाला तयारीच्या खोलीत उभं राहून ते बघता येत नाही, बघावंसंही वाटत नाही. पण कराराची प्रत, दरपत्रक, एम्बामिंगचा कागद आणि राख ताब्यात देतानाची पावती जपून ठेवता येते. शंका आली तर तक्रारीचा अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर असतो. तो भरताना तारीख, कुणाशी बोलणं झालं त्याचं नाव आणि सही कुणी घेतली एवढं लिहिलं तरी तपासनीसाला सुरुवात करायला पुरतं.